पक्षी वाचवण्यासाठी जंगलात कोट्यवधी डास का सोडले जात आहेत? हवाईच्या आकिकिकीची गोष्ट

इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर हा आवाज तुम्ही कधीतरी ऐकला असेल. बासरीसारखी छोटीशी शीळ, मग शांतता, मग पुन्हा तीच शीळ. खाली कॅप्शन असतं, 'कधीच न येणाऱ्या जोडीदाराला साद घालणारा शेवटचा पक्षी'. आणि कमेंटमध्ये रडणाऱ्या इमोजींची रांग.

क्लिप खरी आहे. तो पक्षी होता कवाई ओओ. प्रशांत महासागरातल्या हवाई द्वीपसमूहात कवाई नावाचं एक बेट आहे. तिथल्या डोंगरी जंगलात 1987 मध्ये या पक्ष्याचा आवाज शेवटचा रेकॉर्ड झाला. त्यानंतर तो कुणाला खात्रीने दिसला नाही, ऐकूही आला नाही.

फक्त कॅप्शनमध्ये एक चूक वारंवार होते. 'हा पक्षी 2023 मध्ये नामशेष झाला' असं लिहिलेलं असतं. 2023 मध्ये झाली ती कागदावरची नोंद. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकी सरकारने 21 प्रजाती संकटग्रस्तांच्या यादीतून काढल्या, कारण त्या आता उरल्याच नाहीत. त्यात 8 पक्षी हवाईचे होते. कवाई ओओ त्यातला एक. पक्षी गेल्यानंतर सरकारी शिक्का बसायला साडेतीन दशकं लागली.

क्लिप शेअर करताना आणखी एक गोष्ट निसटते. ओओ जिथे गात होता त्याच जंगलातला दुसरा एक छोटा पक्षी आत्ता, आपल्या डोळ्यांदेखत त्याच वाटेने निघाला आहे. त्याचं गाणं कुठे ट्रेंड झालेलं नाही. त्याचं नाव आकिकिकी.

कोण आहे हा आकिकिकी?

लांबी जेमतेम 13 सेंटीमीटर. वजन साधारण 15 ग्रॅम, म्हणजे आपल्या अंगणातल्या चिमणीच्या जवळपास निम्मं. पाठ राखाडी, पोट पांढुरकं, चोच फिकट गुलाबी. नर-मादी सारखेच दिसतात. फोटोत पाहिला तर लक्षात राहणार नाही इतका साधा.

त्याची लकब मात्र मजेशीर आहे. तो झाडाच्या खोडावर आणि फांद्यांवर सरपटल्यासारखा फिरतो आणि सालीखालचे, शेवाळातले किडे-कोळी वेचून खातो. घरटं बांधतो ते उंच ओहिया झाडावर. ओहिया म्हणजे हवाईच्या जंगलाचा कणाच. लाल तुऱ्यांसारखी फुलं येणारं हे झाड आपल्या जांभळाच्या कुळातलं आहे.

आकिकिकी जगात फक्त कवाईवर होता. बेटाच्या मधोमध अलाकाई नावाचं पठार आहे. कायम ओलं, धुक्यात बुडालेलं, शेवाळाने माखलेलं. शेजारचं वाइआलेआले शिखर जगातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांमध्ये गणलं जातं. हे पठार आकिकिकीचं शेवटचं घर ठरलं.

आता आकडे. 2018 च्या सुमाराला अंदाज होता की 450 च्या आसपास आकिकिकी उरले आहेत. 2021 मध्ये हा अंदाज 45 वर आला. 2023 मध्ये संशोधकांच्या माहितीत जंगलात फक्त 5 पक्षी होते. ते वर्ष संपता संपता एक.

हा वेग शिकारीचा नाही, जंगलतोडीचाही नाही. अलाकाई पठार संरक्षित आहे. झाडं उभी आहेत, किडे आहेत, पाऊस आहे. मग पक्षी गेले कुठे?

1826, एक जहाज आणि पाण्याची पिंपं

हवाईत मुळात डास नव्हतेच. एकही प्रजाती नाही. खंडापासून साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त दूर असलेल्या बेटांवर डासांना पोहोचायला वाटच नव्हती. ती वाट माणसाने दिली. नोंद अशी आहे की 1826 मध्ये 'वेलिंग्टन' नावाचं जहाज मेक्सिकोहून माउई बेटावरच्या लाहैना बंदरात आलं. खलाशांनी पिण्याच्या पाण्याची शिळी पिंपं तिथल्या ओढ्यात रिकामी केली. त्या पाण्यात डासांच्या अळ्या होत्या.

तो डास आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. क्युलेक्स क्विंकेफॅशिएटस, म्हणजे गटारीच्या, साचलेल्या घाण पाण्यात वाढणारा आणि रात्री कानाशी गुणगुणणारा. आपल्याकडे हत्तीरोग पसरवतो तोच.

डास आला तेव्हा लगेच आभाळ कोसळलं नाही. पुढच्या शंभर वर्षांत बाहेरचे पक्षी आले. कुणी पिंजऱ्यात पाळायला आणले, कुणी शेतातल्या किडींवर उपाय म्हणून. आपली साळुंकी तिथे 1865 मध्ये भारतातून नेली गेली, पिकांवरच्या अळ्या खायला. आज हवाईतल्या कुठल्याही पार्किंगमध्ये ती दिसते. अशा बाहेरून आलेल्या पक्ष्यांबरोबर केव्हातरी पक्ष्यांचा मलेरियाही आला. डास आधीच तयार होता. रोग मिळाल्यावर साखळी पूर्ण झाली.

हा मलेरिया माणसाला होत नाही, हे इथेच स्पष्ट केलेलं बरं. त्याचा परजीवी वेगळा आहे, प्लाझमोडियम रेलिक्टम. आणि त्याचा भारताशी संबंध फार जुना आहे. मलेरिया डासांमुळे पसरतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस यांनी 1898 मध्ये कोलकात्यात निर्णायक प्रयोग केले ते माणसांवर नाही, पक्ष्यांवर. त्यांनी डासांकरवी चिमण्यांसारख्या पक्ष्यांना मलेरिया होताना दाखवला आणि परजीवीचा डासाच्या पोटापासून लाळग्रंथीपर्यंतचा प्रवास शोधून काढला. याच शोधाला 1902 चं नोबेल मिळालं. तो परजीवी आणि तो डास, दोन्ही तेच, जे आज हवाईच्या जंगलात आहेत. चिमणीला हा रोग बहुतेकदा मारत नाही. आशिया, युरोप, आफ्रिकेतले पक्षी लाखो वर्षं या परजीवीबरोबर जगत आले आहेत. साळुंकीही अंगात रोग घेऊन सहसा टिकते.

हवाईच्या पक्ष्यांना ती सवय नव्हती. आकिकिकी ज्या हनीक्रीपर गटातला आहे, त्याचे पूर्वज साधारण 50 ते 70 लाख वर्षांपूर्वी आशियाकडून आलेले रोझफिंचसारखे पक्षी होते. (याच रोझफिंच कुळातला एक पक्षी हिवाळ्यात सह्याद्रीतही पाहुणा येतो.) त्या एका थव्यातून पुढे 50 हून जास्त प्रजाती झाल्या. कुणाची चोच मध पिण्यासाठी विळ्यासारखी वाकडी, कुणाची बी फोडायला पोपटासारखी, कुणाची साल उचकटायला. एवढ्या विविधतेत मलेरियाशी लढण्याची तयारी मात्र कुणाकडेच नव्हती, कारण तो रोग तिथे नव्हताच. इइवी नावाच्या लाल हनीक्रीपरवर झालेल्या प्रयोगात रोगी डासाच्या एका चाव्यानंतर दहापैकी नऊ पक्षी मेले. परजीवी लाल रक्तपेशी फोडतो, पक्षी अशक्त होतो, खाणं सोडतो आणि काही दिवसांत फांदीवरून खाली पडतो. 15 ग्रॅमच्या जिवात राखीव रक्त ते किती असणार!

पन्नासहून जास्त प्रजातींपैकी आज 17 उरल्या आहेत.

कळसूबाईपेक्षा कमी उंचीचं बेट

तरीही काही पक्षी दोनशे वर्षं टिकले. ते उंचीमुळे. डासाला थंडी मानवत नाही, आणि तापमान 13 अंश सेल्सियसच्या खाली गेलं की डासाच्या पोटातल्या परजीवीची वाढही थांबते. त्यामुळे डोंगराच्या वरच्या भागात एक अदृश्य रेषा तयार झाली. रेषेच्या खाली मलेरिया, वर पक्षी.

तापमान वाढतं तशी ही रेषा वर सरकते. रेषा वर आली की पक्षीही वर सरकतात. पण किती वर? इथे बेटाबेटात फरक पडतो. हवाई बेटावर मौना केआ 4,207 मीटर उंच आहे. माउईवर हलेआकला 3,055 मीटर. कवाईचं सर्वोच्च टोक मात्र 1,598 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही जवळपास 50 मीटर कमी. आकिकिकीला पळायला वर डोंगरच उरला नाही.

अलाकाई पठारावरच्या पक्ष्यांचे रक्ताचे नमुने 1990 च्या दशकात घेतले होते. तसेच नमुने 2007 ते 2013 दरम्यान पुन्हा घेतले तेव्हा मलेरियाचं प्रमाण दुपटीहून जास्त झालेलं आढळलं. पूर्वी पठारावर थंडीच्या काळात रोगाला खंड पडायचा, तो खंड आता उरला नाही. त्यात रानडुकरांची भर. तीही माणसाने आणलेली. ती झाडनेच्यांची खोडं पोखरतात, जमीन उकरतात. त्या खळग्यांत पाणी साचतं आणि जिथे डासांना जागा नव्हती तिथे ती तयार होते.

हवामान बदल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वितळणारे हिमनग येतात. इथे अर्धा-एक अंश तापमान वाढणं म्हणजे डास शंभर-दीडशे मीटर वर चढणं, इतकंच आहे. कवाईवर तेवढं पुरेसं झालं.

मग उपाय म्हणून आणखी डास?

ऐकायला हे उलटं वाटतं, आणि सोशल मीडियावर याचीच थट्टा सर्वाधिक झाली. 'डासांमुळे पक्षी मरतायत म्हणून सरकार हेलिकॉप्टरने डास टाकतंय' अशा हेडलाइनवर हसू येणारच. पण हेडलाइनमधून एक शब्द गळलेला असतो. हे डास फक्त नर असतात.

नर डास चावत नाही. तो फुलांचा रस पितो. रक्त लागतं ते मादीला, अंड्यांसाठी. म्हणजे सोडलेल्या डासांमुळे ना पक्ष्याला रोग होतो, ना माणसाला खाज सुटते.

खरी करामत त्यांच्या शरीरातल्या जिवाणूची आहे. वोल्बाकिया नावाचा हा जिवाणू जगातल्या असंख्य कीटकांत नैसर्गिकरीत्या राहतो. हवाईतल्या क्युलेक्स डासांतही त्याचा एक प्रकार आधीच आहे. नर आणि मादी दोघांमध्ये एकच प्रकार असेल तर अंडी नीट उबतात. नराकडे दुसराच प्रकार असेल तर अंडी घातली जातात, पण त्यातून अळी बाहेर येत नाही. कुलुपाला दुसऱ्याच कुलुपाची किल्ली लावल्यासारखं. प्रयोगशाळेत क्युलेक्स नरांमध्ये हा दुसरा प्रकार घातला जातो. तो घेतलाय पट्टेरी टायगर डासाकडून. टायगर डास हवाईत पूर्वीपासून आहे, त्यामुळे बेटावर नवा जिवाणू आणला असंही म्हणता येत नाही. डासाच्या जनुकांत कसलाही बदल केलेला नाही.

असे नर जंगलातल्या नरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त सोडले, तर बहुतेक माद्यांची गाठ त्यांच्याशीच पडते. अंडी फुकट जातात, पुढच्या पिढीत डास कमी होतात. मग पुन्हा नर सोडायचे. पुन्हा. आणि पुन्हा. नर काही दिवसच जगतो, त्यामुळे सोडणं थांबवलं की परिणामही थांबतो. उपाय कायमचा नाही ही त्याची कमजोरी, आणि काही बिघडलं तर थांबवता येतो ही जमेची बाजू.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2023 मध्ये याला तातडीची विशेष परवानगी दिली. गंमत म्हणजे कायद्याच्या भाषेत हे डास 'कीटकनाशक' ठरतात, कारण त्यांचा वापर कीटक कमी करण्यासाठी आहे. नोव्हेंबर 2023 पासून माउईवर हेलिकॉप्टरने डास सोडायला सुरुवात झाली, पुढे कवाईवरही. सरकारी खाती आणि स्वयंसेवी संस्थांची 'बर्ड्स, नॉट मॉस्किटोज' ही आघाडी हे काम करते. डास अमेरिकेच्या मुख्य भूमीवर वाढवले जातात आणि विमानाने बेटांवर येतात. 2025 च्या मध्यापर्यंत 4 कोटींहून जास्त नर सोडून झाले होते. त्याच सुमाराला हेलिकॉप्टरच्या जोडीला ड्रोन आले. ड्रोनमधून विघटनशील वेष्टनं टाकली जातात. एकेका वेष्टनात साधारण हजार डास असतात. धुकं आणि वाऱ्याच्या त्या खोऱ्यांत वैमानिकाचा जीव धोक्यात घालण्यापेक्षा हे बरं.

हरकती काय आहेत?

सगळ्या हरकती थट्टेवारी नेण्यासारख्या नाहीत.

माउईवरची एक स्थानिक संघटना या प्रकल्पाविरुद्ध न्यायालयात गेली. तिचं म्हणणं होतं की पर्यावरणावरच्या परिणामांचा आणखी सखोल अभ्यास करा, मगच डास सोडा. तिच्या शंकांपैकी सर्वांत रास्त शंका माद्यांबद्दलची होती. लाखो डासांतून माद्या वेगळ्या काढताना काही निसटल्या तर? अशा माद्यांमध्येही तोच बदललेला वोल्बाकिया असेल आणि त्या सोडलेल्या नरांबरोबर सहज प्रजनन करू शकतील. तसं मोठ्या प्रमाणावर झालं तर नव्या प्रकाराचे डास जम बसवतील आणि पुढे सोडलेले नर निकामी ठरतील. म्हणूनच या तंत्रात सगळा भर नर-मादी वेगळे करण्यावर आहे, आणि खर्चही तिथेच होतो. डास सोडण्याचं काम मात्र थांबलं नाही.

दुसरी हरकत आपल्याकडेही ऐकू येते. डास संपले तर अन्नसाखळीचं काय? भारतात, आफ्रिकेत हा प्रश्न विचारणं योग्य आहे. हवाईत तो लागू होत नाही. तिथे दोनशे वर्षांपूर्वी डासच नव्हते, त्यामुळे त्यांच्यावाचून अडणारा तिथला मूळचा प्राणी नाही.

औषध का फवारत नाहीत? कारण त्या ओल्या जंगलात हवाईचे इतर असंख्य स्थानिक कीटक आहेत, तेही जगात दुसरीकडे नसलेले. औषध त्यांनाही मारेल. आकिकिकीचं अन्नच ते किडे आहेत.

राहिला खर्च. जून 2023 मध्ये अमेरिकेच्या गृह खात्याने (तिकडे वन्यजीव याच खात्याकडे असतात) हवाईच्या वनपक्ष्यांसाठी सुमारे 1.6 कोटी डॉलर जाहीर केले. रुपयांत शंभर कोटींच्या वर. 'एवढे पैसे चिमणीएवढ्या पक्ष्यासाठी?' हा प्रश्न तिकडेही विचारला जातो. हवाईच्या मूळ रहिवाशांच्या दृष्टीने त्याचं उत्तर वेगळं आहे. त्यांच्या सृष्टीच्या उत्पत्तीच्या पारंपरिक गाथेत माणसाच्या आधी पक्षी येतात. राजांचे पिढीजात झगे याच पक्ष्यांच्या लाल-पिवळ्या पिसांचे होते. त्यांच्या लेखी हा नात्यागोत्याचा प्रश्न आहे.

इतका उशीर का झाला?

या सगळ्या प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच आहे. यातलं काहीही नव्याने कळलेलं नाही.

चुकीची किल्ली लावून डास संपवण्याचा प्रयोग 1967 मध्येच यशस्वी झाला होता. तेव्हाच्या बर्मामध्ये, रंगूनजवळच्या ओकपो गावात, जर्मन शास्त्रज्ञ लाव्हेन यांनी परदेशी वाणाचे क्युलेक्स नर सोडून गावातले डास काही आठवड्यांत जवळपास संपवले. डास तोच, क्विंकेफॅशिएटस. अंडी का उबत नाहीत याचं कारण तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यामागे वोल्बाकिया आहे हे 1971 मध्ये कळलं.

त्यानंतर हे काम चक्क भारतात आलं. जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत डासांच्या जनुकीय नियंत्रणाचं केंद्र चालवलं. पण परकीय पैसा, जैविक युद्धाची भीती, संसदीय समितीची टीका आणि वर्तमानपत्रांतले आरोप यांच्या गदारोळात 1975 मध्ये ते बंद पडलं. जगभर या तंत्रावरचं काम त्यानंतर बराच काळ थंडावलं. (आज पुद्दुचेरीच्या संशोधन केंद्राने डेंग्यूच्या डासांसाठी वोल्बाकियाचे वाण तयार केले आहेत, पण ती पद्धत वेगळी आहे. तिथे डास मारायचे नसतात, त्यांना विषाणू पसरवण्यासाठी निकामी करायचं असतं.)

दुसरीकडे, हवाईतले पक्षी डासांनी आणलेल्या रोगांमुळे संपत आहेत हे रिचर्ड वॉर्नर यांनी 1968 मध्ये सविस्तर मांडलं होतं. म्हणजे रोग कळला 1968 मध्ये, औषध कळलं 1967 मध्ये, आणि औषध द्यायला सुरुवात झाली 2023 मध्ये. मधल्या 55 वर्षांत लाखो नर वाढवण्याचं, माद्या अचूक वेगळ्या काढण्याचं आणि दुर्गम जंगलात पोहोचवण्याचं तंत्र तयार व्हायचं होतं, हे खरं. पण ते तंत्र झपाट्याने पुढे गेलं ते माणसांच्या डेंग्यूमुळे. पक्ष्यांसाठी कुणाला घाई नव्हती. आकिकिकीला संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत घ्यायलाच 2010 उजाडलं.

2022 मध्ये शास्त्रज्ञांनी इशारा दिला की हवाईच्या चार हनीक्रीपर प्रजाती दशकभरात संपू शकतात आणि सर्वांत आधी, 2023 मध्येच, आकिकिकी जाईल. अंदाज जवळजवळ तंतोतंत खरा ठरला. कवाईवर डास सोडायला सुरुवात झाली 2024 मध्ये.

म्हणजे आकिकिकी संपला?

जंगलातून, जवळजवळ हो. पक्षी म्हणून, अजून नाही.

2015 मध्ये संशोधकांच्या पथकाने अलाकाईत सुमारे 12 मीटर उंचीच्या शिड्या नेऊन, घरट्यांतली अंडी काढून घेतली. एका अंड्याचं वजन दोन ग्रॅमच्या आसपास. ती फिरत्या उबवणयंत्रात ठेवून हेलिकॉप्टरने खाली आणली आणि पिल्लं हाताने वाढवली. तेव्हा यावरही टीका झाली होती. आधीच कमी असलेल्या पक्ष्यांची अंडी काय काढता? आज त्या अंड्यांमुळेच आकिकिकी पृथ्वीवर आहे. 2023 मध्ये जंगलात उरलेल्या पक्ष्यांना आणि अंड्यांनाही आत आणण्याची धावपळ झाली. बंदिस्त पक्ष्यांची संख्या 50 च्या आसपास आहे. ते माउई आणि हवाई बेटांवरच्या दोन प्रजनन केंद्रांत वाढवले गेले.

पिंजरा म्हणजे सुरक्षित असं मात्र नाही. 8 ऑगस्ट 2023 ला माउईवर वणवा भडकला. लाहैना शहर जळून गेलं आणि शंभरजणांच्या आसपास माणसं मेली, ती ही आग. त्याच दिवशी हलेआकलाच्या उतारावर दुसरी आग पेटली आणि तिथल्या पक्षी केंद्राच्या कुंपणापर्यंत आली. आत जगातले अत्यंत दुर्मीळ असे 80 पक्षी होते, आकिकिकीसह. केंद्रातली एक कर्मचारी आणि एक शेजारी, पाण्याचा पाइप आणि अग्निशामक नळकांडी घेऊन आगीला भिडले. पक्षी वाचले. एक अख्खी प्रजाती त्या दिवशी बागेतल्या पाइपावर अवलंबून होती, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

आत आणायला उशीर झाला तर काय होतं हेही हवाईने पाहिलं आहे. माउईवरच्या पोओउली या पक्ष्याचा शोधच 1973 मध्ये लागला. 2004 मध्ये तिघेच उरले असताना त्यातला एक पकडता आला. जोडीदार मिळेपर्यंत थांबायचं ठरलं. तो नोव्हेंबरमध्ये पिंजऱ्यातच मेला. बाकीचे दोघे पुन्हा दिसले नाहीत. 2023 च्या त्या 21 नावांत पोओउलीचंही नाव आहे.

आकिकिकीच्या बाबतीत निदान पन्नासजण आत आहेत. पण त्यांना सोडायचं कुठे? अलाकाईत आज सोडले तर काही आठवड्यांत मरतील. हा नुसता अंदाज नाही. 2019 मध्ये माउईवर किविकिऊ जातीचे 14 पक्षी डोंगराच्या दुसऱ्या बाजूला, नव्याने वाढवलेल्या जंगलात नेऊन सोडले होते. तिथे डास कमी असतील असं वाटलं होतं. बहुतेक सगळे मलेरियाने मेले. दुसरा पर्याय म्हणजे आकिकिकीला त्याच्या बेटाबाहेर, हवाई बेटावरच्या उंच जंगलात वसवणं. तिथे थंडी अजून टिकून आहे. यावर शास्त्रज्ञ आणि मूळ रहिवासी यांच्यात चर्चा सुरू आहे, कारण कवाईचा पक्षी कवाईबाहेर नेणं हा त्यांच्यासाठी फक्त तांत्रिक निर्णय नाही.

थोडी आशा वाटावी अशी गोष्ट खालच्या जंगलात घडते आहे. हवाई बेटावरचा आमाकिही नावाचा हनीक्रीपर सखल भागात, डासांच्या गराड्यात राहूनही टिकतो आहे. त्याच्या काही टोळ्यांमध्ये मलेरिया सोसण्याची ताकद आली आहे. पण आमाकिही संख्येने भरपूर होता. हजारो मेले तरी उरलेल्यांतून नवी पिढी तयार होऊ शकली. आकिकिकीकडे तेवढी माणसं नाहीत, असंच म्हणावं लागेल.

म्हणून कवाईवर सोडल्या जाणाऱ्या डासांचा तातडीचा फायदा आकिकिकीला नाही. तो आहे आकेकेए या त्याच्या पिवळसर शेजाऱ्याला. इशाऱ्यातल्या चार प्रजातींपैकी तोही एक आणि तोही फक्त कवाईवरच राहतो. माउईवर हीच शर्यत किविकिऊ आणि आकोहेकोहे यांच्यासाठी चालू आहे. या तिघांचे पक्षी अजून जंगलात गात आहेत. दर आठवड्याला ढग जरा उघडले की ड्रोन उडतात, वेष्टनं ओहियाच्या शेंड्यांवर पडतात आणि त्यातून हजार-हजार नर बाहेर येतात.